रेडशर्टचे वर्ष : कॉलेज बास्केटबॉलमधील एका सोयीचे परीक्षण

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल संघ नव्याने दाखल झालेल्या खेळाडूपुढे अनेकदा एक सोय ठेवतात. खेळाडूने वर्षभर संघासोबत सराव करायचा, व्यायामशाळेत घाम गाळायचा, शिष्यवृत्तीवर शिक्षण चालू ठेवायचे, पण एकाही अधिकृत सामन्यात कोर्टवर उतरायचे नाही. त्या बदल्यात त्याच्या वाट्याच्या चार हंगामांपैकी एकही खर्ची पडत नाही आणि पुढच्या वर्षी तो चारही हंगाम हाताशी ठेवून खेळायला सुरुवात करतो. याला रेडशर्टचे वर्ष म्हणतात. कोणत्याही सेवेचे परीक्षण करताना आपण जे प्रश्न विचारतो तेच येथेही विचारायला हवेत : किंमत किती, हाती काय पडते, ही सेवा कोणाला लागू पडते आणि देणारा जे सांगतो त्यात तथ्य किती. प्रशिक्षक सांगतात की या वर्षात खेळाडू घडतो. 18 वर्षांच्या मुलाचे एक अख्खे वर्ष ज्या भरवशावर मागून घेतले जाते, तो भरवसा बारकाईने तपासला जायला हवा.

आधी अटी पाहू. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळाडूने पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला की त्याचे पाच वर्षांचे घड्याळ सुरू होते आणि त्या पाच वर्षांत त्याला चार हंगाम खेळता येतात. पाचवे वर्ष हे या व्यवस्थेतले शिलकी वर्ष असते आणि रेडशर्टची सारी सोय त्या शिलकीवर उभी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये 2018 पासून खेळाडू चार सामने खेळूनही आपला हंगाम वाचवू शकतो. बास्केटबॉलमध्ये मात्र ही सवलत मिळालेली नाही. नोव्हेंबरमधल्या एखाद्या एकतर्फी सामन्याच्या शेवटी प्रशिक्षकाने अर्ध्या मिनिटासाठी जरी आत पाठवले, तरी पूर्ण हंगाम खर्ची पडतो. याचा उलटा धोकाही आहे. डिसेंबरपर्यंत वर्ष राखून ठेवलेल्या खेळाडूला संघातील दोघे-तिघे जखमी झाल्यामुळे जानेवारीत अचानक उतरवले, तर राखलेले वर्षही जाते आणि खेळायला मिळतो तो अर्धाच हंगाम. नियमाच्या चौकटीत हा निर्णय खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून घेतात, असे म्हणता येते. प्रत्यक्षात मिनिटे वाटण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याचाच शब्द बहुधा चालतो.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. रेडशर्टचे वर्ष खेळाडूच्या विकासाला मदत करते, पण ही मदत फार थोड्या प्रकारच्या खेळाडूंना आणि फार थोड्या प्रकारच्या संघांत मिळते, आणि जिथे ती मिळते तिथे तिचे कारण सामने न खेळणे हे नसून रोजच्या सरावाची प्रत हे असते. हे मत आकडेवारीने सिद्ध करणे अवघड आहे आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. रेडशर्ट झालेला खेळाडू पहिला सामना खेळतो तेव्हा तो सोबतच्या नवख्यांपेक्षा एका वर्षाने मोठा असतो आणि शेवटचा हंगाम खेळताना 22-23 वर्षांचा असतो. त्या वयात शरीर आणि समज दोन्ही वाढलेली असतातच. त्यातले किती श्रेय राखून ठेवलेल्या वर्षाला द्यायचे आणि किती निव्वळ वाढत्या वयाला, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय, जे खेळाडू त्या वर्षाला कंटाळून संघ सोडून गेले त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. जे टिकले आणि चमकले त्यांच्याच कथा पुढे सांगितल्या जातात. म्हणून यशाच्या कथा ऐकताना त्यांच्या आत नेमके काय घडले, याकडे अधिक लक्ष द्यावे.

या यशकथांत सर्वांत ठळक आहे ती केली ओलिनिकची. कॅनडातून आलेला हा सात फूट उंचीचा खेळाडू वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरातल्या गॉन्झागा विद्यापीठात 2009 मध्ये दाखल झाला आणि पहिली दोन वर्षे बाकावरून येऊन थोडी-थोडी मिनिटे खेळला. दुसऱ्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे सहा गुणांच्याही आत होती. शाळेत असताना तो गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणाऱ्याच्या जागेवर, खेळत असे. उंची नंतर झपाट्याने वाढली, त्यामुळे चेंडू हाताळण्याची आणि पास देण्याची नजर गार्डची राहिली, आणि शरीर मात्र रिंगखालच्या धक्काबुक्कीला अजून तयार झालेले नव्हते. गॉन्झागाकडे त्या वेळी रॉबर्ट साक्रे आणि एलियास हॅरिस हे दोन अनुभवी उंच खेळाडू होते. तेव्हा दोन हंगाम खेळून झाल्यावर 2011-12 हे तिसरे वर्ष ओलिनिकने पूर्णपणे बाजूला ठेवले. ही गोष्ट सहसा कोणी करत नाही, कारण दोन वर्षे खेळलेल्या खेळाडूला पुन्हा साध्या कपड्यांत बाकावर बसणे म्हणजे पदावनती वाटते. त्या वर्षात त्याने ताकद कमावली आणि रिंगकडे पाठ करून चेंडू घेतल्यावर पायांच्या हालचाली कशा करायच्या, हे पहिल्यापासून घोटून घेतले. 2012-13 मध्ये तो परतला तेव्हा त्याची सरासरी 17.8 गुण आणि 7.3 रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू) अशी झाली, त्याची निवड देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या पहिल्या ऑल-अमेरिकन संघात झाली, गॉन्झागा प्रथमच राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचले आणि त्याच उन्हाळ्यात एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो तेराव्या क्रमांकावर निवडला गेला.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात, कारण सोय विकणारे त्या सांगत नाहीत. एक म्हणजे, ओलिनिकने वर्ष राखले ते दोन हंगाम खेळून झाल्यावर. आपले काय कमी पडते, हे त्याला खऱ्या सामन्यांतून कळलेले होते आणि त्या नेमक्या उणिवा भरून काढण्यासाठी वर्ष वापरले गेले. दुसरी म्हणजे, त्याच्या जागेवर खेळणारे दोघे वर्षभर त्याच्यासमोर सरावाला उभे होते. कॅन्ससच्या ट्रॅव्हिस रेलफर्डनेही असेच केले. पहिला हंगाम खेळल्यावर, संघात त्याच्या जागेवर गर्दी झाल्याने, त्याने 2009-10 चा हंगाम बाहेर काढला आणि पुढे 2012 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या संघात तो नियमित पहिल्या पाचांत होता. आल्या आल्या वर्ष राखण्यापेक्षा एक-दोन हंगामांनंतर राखणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दुर्दैवाने सुचवले जाते ते बहुतेक वेळा पहिलेच वर्ष.

पहिल्या वर्षाचा उत्तम वापर कसा होतो, हे पाहायचे असेल तर व्हर्जिनिया विद्यापीठाकडे वळावे लागेल. टोनी बेनेट तेथे प्रशिक्षक असताना रेडशर्ट ही संघाची रीतच होती. 2019 मध्ये व्हर्जिनियाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, त्या संघातील डीआंद्रे हंटर, मामादी डियाकिटे, जे हफ आणि जॅक सॉल्ट हे चौघेही आपापल्या पहिल्या वर्षी न खेळता सराव केलेले होते. बेनेट यांची बचावाची पद्धत, जिला पॅक लाइन म्हणतात, ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर एकाने दाब द्यायचा आणि उरलेल्या चौघांनी तीन गुणांच्या रेषेच्या आत एका कल्पित रेषेमागे सरकून रिंगकडे जाणारी प्रत्येक वाट बंद करायची. पास सुटला की पाचही जणांनी चेंडू हवेत असतानाच आपली जागा बदललेली असायला हवी. शाळेत स्वतःच्या उंचीच्या आणि झेपेच्या जोरावर चेंडू हिसकावणाऱ्या मुलाला ही शिस्त जाचक वाटते. अशा संघात पहिल्या वर्षी सामन्यांत उतरलेला खेळाडू बचावात एक पाऊल चुकला की लगेच बाहेर काढला जातो. तेच वर्ष सरावात काढलेला खेळाडू शेकडो वेळा चुकून दुरुस्त झालेला असतो.

हंटरचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. फिलाडेल्फियाचा हा सहा फूट सात इंच उंचीचा फॉरवर्ड 2016-17 मध्ये एकही सामना खेळला नाही. पुढच्या वर्षी तो बाकावरून येऊन सामन्यामागे 9.2 गुण करू लागला आणि त्याला एसीसी लीगचा सर्वोत्तम राखीव खेळाडू म्हणून गौरवले गेले. त्याच हंगामात मनगट मोडल्यामुळे तो राष्ट्रीय स्पर्धेला मुकला, आणि व्हर्जिनियाचा यूएमबीसीकडून 74-54 असा पराभव झाला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या संघाने सोळाव्या मानांकनाकडून हरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतरच्या वर्षी हंटरची सरासरी 15.2 गुणांवर गेली, एसीसीचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला, आणि 8 एप्रिल 2019 रोजी टेक्सास टेकविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने 27 गुण केले. निर्धारित वेळेच्या अखेरच्या काही सेकंदांत कोपऱ्यातून त्याने मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटने सामना जादा वेळेत नेला. मला मात्र त्या सामन्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. टेक्सास टेकचा सर्वोत्तम खेळाडू जॅरेट कल्व्हर याच्यावर बहुतांश वेळ हंटर होता आणि कल्व्हरच्या 22 प्रयत्नांपैकी फक्त पाच आत गेले. तीन गुणांची बास्केट हे कौशल्य त्या मुलाने शाळेतूनच आणले असेल. कल्व्हरसमोर चाळीस मिनिटे पाय न अडखळता सरकत राहणे हे व्हर्जिनियाच्या सरावात शिकलेले होते. जूनमध्ये ड्राफ्टमध्ये तो चौथ्या क्रमांकावर निवडला गेला.

आता त्या वर्षाच्या आत डोकावू. रेडशर्ट खेळाडू बहुतेक संघांत स्काउट टीममध्ये असतो, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून तो आपल्याच पहिल्या पाच जणांसमोर प्रतिस्पर्धी बनून खेळतो. नियमाने हंगामात आठवड्याला 20 तास इतकाच सक्तीचा सराव घेता येतो. नियमित खेळाडूंच्या त्या 20 तासांतले पुष्कळ तास पुढच्या सामन्याची तयारी आणि थकलेले पाय जपणे यांत जातात. रेडशर्टला पाय जपायचे नसतात. सामन्याच्या दिवशीही तो जड वजने उचलू शकतो आणि बाकीच्यांची सामन्यापूर्वीची हलकी कवायत चालू असताना एका सहायक प्रशिक्षकाला आपल्यासाठी मागून घेऊ शकतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात सुमारे तीस सामने खेळणाऱ्या खेळाडूचे वजन टिकवणे हेच कठीण असते. रेडशर्ट त्याच काळात वजन आणि ताकद वाढवू शकतो. या सोयीचा हा सर्वांत भरवशाचा लाभ आहे, आणि तो उंच, सडपातळ, उशिरा वाढलेल्या मुलांना सर्वाधिक मिळतो, हे ओघानेच आले.

स्काउट टीममधून किती शिकायला मिळते, हे समोर कोण उभे आहे यावर अवलंबून असते. विस्कॉन्सिनचा ईथन हॅप 2014-15 मध्ये रेडशर्ट होता, आणि त्या वर्षी सरावात त्याच्यासमोर फ्रँक कमिन्स्की होता, ज्याची त्याच हंगामात देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून निवड झाली आणि ज्याच्या जोरावर विस्कॉन्सिन ड्यूकविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. रिंगकडे पाठ करून हुलकावण्या देणाऱ्या, बाहेर येऊन तीन गुणांचा नेम साधणाऱ्या खेळाडूला पाच महिने रोज अडवायचे, याहून चांगली शाळा कोणत्याही 19 वर्षांच्या मुलाला मिळणार नाही. पुढच्याच वर्षी हॅप बिग टेन लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला आणि चार वर्षांत त्याने 2,000 हून अधिक गुण आणि 1,000 हून अधिक रिबाउंड जमवले. एवढे असूनही फ्री थ्रो हे त्याचे दुखणे अखेरपर्यंत बरे झाले नाही आणि बाहेरून नेमबाजी त्याच्या खेळात कधी आलीच नाही. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही. वर्ष राखल्याने सरावाला वेळ मिळतो. त्या वेळात नेमकी कोणती उणीव दूर करायची, हे कोणीतरी ठरवून तिचा पाठपुरावा करावा लागतो.

दुसऱ्या बाजूचा पुरावा त्याच विस्कॉन्सिनमध्ये आहे. ज्या कमिन्स्कीने हॅपला घडवले, तो स्वतः रेडशर्ट झालेला नव्हता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी दोन गुणांच्या आत, दुसऱ्या हंगामात 4.2 गुण, तिसऱ्यात 13.9 आणि चौथ्यात 18.8 होती. बाकावर बसून, सामन्यामागे थोडी मिनिटे खेळून, चुका करून तो शिकला. गॉन्झागाचा रुई हाचिमुरा हे असेच उदाहरण आहे. जपानहून 2016 मध्ये आलेल्या या मुलाला तेव्हा इंग्रजीही पुरते येत नव्हते. सारी लक्षणे रेडशर्टची असताना त्याला सामन्यामागे चार-पाच मिनिटे खेळवले गेले, आणि तिसऱ्या हंगामात 19.7 गुणांच्या सरासरीसह तो ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला. त्याचे पहिले वर्ष वाचवून ठेवले असते, तरी त्या वाचवलेल्या वर्षाचा त्याला काही उपयोग झाला नसता, कारण तो चौथ्या वर्षी कॉलेजात राहिलाच नाही. ज्याच्यात तीन वर्षांत व्यावसायिक पातळी गाठण्याची क्षमता आहे, त्याला रेडशर्ट करून मागे शिल्लक काहीच पडत नाही.

अढीत घातलेला आंबा पिकतो, पण तो झाडावर पाडाला आलेला असेल तरच. कोवळा कैरीचा घड अढीत घातला तर तो सुरकुततो. रेडशर्टच्या वर्षाचे असेच आहे, आणि याचा सर्वांत नेमका दाखला ड्यूक विद्यापीठात 2011-12 मध्ये पाहायला मिळाला. त्या वर्षी ड्यूकने एकाच वेळी दोन नवख्यांना रेडशर्ट केले : सात फुटी सेंटर मार्शल प्लमली आणि फॉरवर्ड अॅलेक्स मर्फी. प्रशिक्षक तेच, व्यायामशाळा तीच, समोरचे खेळाडू तेच. मर्फी तर शाळेचे शेवटचे वर्ष सोडून, ठरलेल्या वेळेच्या एक वर्ष आधीच कॉलेजात आला होता. वर्ष राखून झाल्यावरही त्याला संघात फारशी मिनिटे मिळाली नाहीत आणि त्याने आधी फ्लोरिडा व नंतर नॉर्थईस्टर्न असा प्रवास केला. प्लमलीला पुढच्या हंगामातही दुखापतीने सतावले, पण तो टिकून राहिला. 2015 च्या विजेत्या संघात जाहलिल ओकाफोरच्या पाठीमागे राखीव सेंटर म्हणून खेळला आणि पाचव्या वर्षी पहिल्या पाचांत येऊन सामन्यामागे आठहून अधिक गुण आणि आठहून अधिक रिबाउंड करू लागला. फरक कुठे पडला, याचे माझे उत्तर असे आहे : प्लमलीच्या पुढची रांग संपणार, हे ठाऊक होते, आणि मर्फीच्या जागेवर ड्यूकमध्ये दर वर्षी देशातील सर्वोत्तम शाळकरी फॉरवर्ड येऊन बसणार, हेही ठाऊक होते. जागा रिकामी होणार नसेल तर थांबण्याला अर्थ उरत नाही.

गार्डच्या बाबतीत मी ही सोय सहसा सुचवणार नाही. पॉइंट गार्डचे काम सेकंदागणिक निर्णय घेण्याचे आहे. घड्याळात आठ सेकंद उरलेले, दोन गुणांची पिछाडी, समोरचा बचाव अचानक बदललेला आणि वीस हजार प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येत नाही, हा प्रसंग सरावात तयार करता येत नाही. ज्याला पाण्यात उतरूनच पोहणे शिकायचे आहे, त्याला काठावर एक वर्ष बसवून ठेवण्यात हशील नाही. अपवाद आहेत. विचिटा स्टेटचा रॉन बेकर शिष्यवृत्तीविना दाखल झाला, 2011-12 हे वर्ष न खेळता राहिला आणि पुढच्याच वर्षी अंतिम चारमध्ये पोहोचलेल्या संघात खेळला. पण तो संघ अपवादात्मक शिस्तीचा होता.

दुखापतीमुळे मिळणाऱ्या वर्षाबद्दल थोडक्यात. हंगामाच्या पूर्वार्धात दुखापत झाली, ती हंगाम संपवणारी असली आणि खेळाडू तोवर तीस टक्क्यांहून अधिक सामने खेळलेला नसला, तर तो हंगाम परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय निर्विवाद चांगली आहे. वेबर स्टेटचा डेमियन लिलार्ड 2010-11 च्या सुरुवातीलाच पायाच्या दुखापतीने बाहेर गेला आणि परतल्यावर सामन्यामागे 24.5 गुण करून ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. व्हर्जिनियाच्या माल्कम ब्रॉग्डनने पायाच्या दुखापतीमुळे 2012-13 गमावले. लाभलेल्या पाचव्या वर्षामुळे त्याने सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर पदवी पूर्ण केली, एसीसीचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही मान त्याने 2016 मध्ये एकत्र मिळवले आणि नंतर तो एनबीएचा सर्वोत्तम नवखा खेळाडूही ठरला. कनेक्टिकटची पेज बेकर्स गुडघ्याच्या दुखापतीने 2022-23 खेळू शकली नाही; 2025 मध्ये तिने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळवला. ब्रॉग्डनच्या उदाहरणातील पदवीचा भाग मराठी घरांना विशेष भावेल. पाच वर्षे शिष्यवृत्तीवर शिकायला मिळणे, हा साध्या रेडशर्टचाही लाभ आहे, आणि ज्यांना पुढे व्यावसायिक खेळ मिळणार नाही, म्हणजे बहुसंख्यांना, त्यांच्यासाठी हाच लाभ सर्वांत मोठा आहे.

सर्वांत वाईट बातमी मात्र त्या वर्षाच्या आत नसून बाहेर आहे. 2021 पर्यंत पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलणाऱ्या पदवीपूर्व खेळाडूला सर्वसाधारणपणे नव्या ठिकाणी एक वर्ष न खेळता काढावे लागे. ही सक्ती अन्यायकारक होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही; तरीही त्या सक्तीच्या वर्षातून काही उत्तम खेळाडू तयार झाले. सॅन होजे स्टेटहून गॉन्झागाला आलेल्या ब्रँडन क्लार्कने 2017-18 हे वर्ष आपली बिघडलेली नेमबाजी मुळापासून बदलण्यात घालवले आणि पुढच्या वर्षी 16.9 गुण, 8.6 रिबाउंड व तीनहून अधिक ब्लॉक अशा सरासरीने खेळून तो थेट एनबीएत गेला. एप्रिल 2021 मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि 2024 मध्ये कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावता येऊ लागले, आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजेच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली.

या बदलांनी खेळाडूंना त्यांचा न्याय्य हक्क दिला, पण रेडशर्टच्या सोयीचा पाया खचवला. एखाद्या मध्यम ताकदीच्या कॉलेजने 18 वर्षांच्या सडपातळ मुलावर वर्षभर मेहनत घ्यायची, त्याला खाऊपिऊ घालून ताकदवान करायचे, पुढच्या वर्षी त्याने बारा-तेरा गुणांची सरासरी दाखवायची आणि एप्रिलमध्ये एखाद्या श्रीमंत कॉलेजने आयत्या बिळावर नागोबा होऊन त्याला उचलायचे, असे वारंवार घडू लागले आहे. तेव्हा लहान कॉलेजचा प्रशिक्षक वर्ष गुंतवायला कचरतो, आणि मोठ्या कॉलेजचा प्रशिक्षक मूल घडवण्यापेक्षा तयार 22 वर्षांचा खेळाडू विकत घेणे पसंत करतो. खेळाडूलाही थांबण्याची किंमत आता थेट डॉलरमध्ये मोजता येते. ऑक्टोबर 2024 मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, टोनी बेनेट यांनी निवृत्ती घेतली आणि कॉलेज खेळाच्या नव्या वातावरणासाठी आपण योग्य नाही, असे सांगितले. हंटर, डियाकिटे, हफ आणि सॉल्ट यांना एकाच संघात वर्ष-वर्ष थांबवून विजेतेपदापर्यंत नेणे आज कोणाला जमेल, असे मला वाटत नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हफसारख्या सात फुटी, हळू पिकणाऱ्या मुलाला कॉलेजातली पाच वर्षे मिळाली नसती तर ड्राफ्टमध्ये नाव न येऊनही तो पुढे एनबीएपर्यंत पोहोचला असता, याची मला खात्री नाही. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, अशी चर्चाही बराच काळ सुरू आहे. तसे झाल्यास दुखापत वगळता वर्ष राखण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

तोवर ही सोय ज्यांच्यापुढे ठेवली जाईल, त्यांच्यात न्यू जर्सी, टेक्सास किंवा टोरोंटोत वाढलेल्या एखाद्या मराठी मुलाचे पालकही असू शकतील. त्यांना माझी शिफारस अशी आहे. मुलगा उंच आणि सडपातळ असेल, त्याच्या जागेवरचा खेळाडू पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणार असेल, संघाची खेळण्याची पद्धत शिकायला अवघड असेल आणि प्रशिक्षकाने त्या कॉलेजात बरीच वर्षे काढलेली असतील, तर होकार द्यावा. यांतील दोन गोष्टी जुळत नसतील तर लगेच होकार देऊ नये, आणि प्रशिक्षकाला समोरासमोर विचारावे : या वर्षात कोणती दोन कौशल्ये बदलायची ठरली आहेत, ती कोणता सहायक प्रशिक्षक आठवड्यातून किती वेळा घेणार, सामन्यांच्या दिवशी आणि संघ परगावी गेल्यावर मुलगा काय करणार, सरावात रोज तो कोणासमोर उभा राहणार, आणि जानेवारीत कोणी जखमी झाले तर त्याचे राखलेले वर्ष मोडणार का. व्यायामाचा आराखडा आणि मार्चपर्यंतचे वजनाचे उद्दिष्ट कागदावर मागावे. चांगल्या संघात हा कागद मागण्याआधीच तयार असतो. तो मिळत नसेल आणि नुसतेच धीर धरा, तुमची वेळ येईल, असे ऐकायला मिळत असेल, तर पहिल्या वर्षापासून सामन्यामागे दहा मिनिटे द्यायला तयार असलेले लहान कॉलेज निवडावे.